‘हाताचं राहू द्या, आता पाय बघा’

फेब्रुवारीतली सकाळ होती. सिडकोतून एक आजी नातीला कडेवर घेऊन आल्या, मागोमाग मुलीची आई, हातात फायलींची पिशवी. खुर्चीत टेकायच्या आधीच आजींनी सांगून टाकलं, ‘‘मॅडम, हाताचं राहू द्या, हात बरा आहे. आता पाय बघा. सोळा महिने झाले, पोरगी पाऊल टाकत नाही. शेजारचं पोरगं हिच्याहून महिन्याने लहान, ते गल्लीभर पळतंय.’’

मी नाशिकमध्ये लहान मुलांची फिजिओथेरपी करते. ही मुलगी माझ्या ओळखीची होती. जन्मताना उजव्या हाताच्या नसा दुखावल्या म्हणून साडेचार महिन्यांची असताना ती पहिल्यांदा आली, आठव्या महिन्यापर्यंत येत राहिली आणि मग येईनाशी झाली. तिच्या चालण्याचं कोडं शेवटी बरंचसं हातापाशीच सुटलं. पण ‘हातामुळे होतंय’ असं म्हणण्याआधी जे जे तपासायला हवं, ते पुष्कळदा राहून जातं. म्हणून हे प्रकरण सगळं लिहिते आहे. घरच्यांना विचारलं आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. इथे तिला छकुली म्हणते.

आधीची हकिकत

आईचं पहिलं बाळंतपण माहेरी, निफाड तालुक्यात झालं. गरोदरपणात साखर वाढलेली होती. बाळ ४ किलो १०० ग्रॅमचं. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. आईच्या जघनास्थीमागे, म्हणजे ओटीपोटाच्या खालच्या टोकाला असलेल्या हाडामागे, बाळाचा पुढचा खांदा अडकतो, तेव्हा बाळंतपण करणाऱ्यांच्या हातात फार थोडी मिनिटं असतात. डोकं बाहेर, खांदा आत, आणि मधल्या मानेवर ताण. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा त्यात ताणला जातो, कधी फाटतो, कधी मणक्यापासून मुळासकट उपटला जातो. मानेच्या पाचव्या ते आठव्या आणि छातीच्या पहिल्या, अशा पाच मुळांचा हा जुडगा असतो. वरची दोन मुळं दुखावली की खांदा उचलणं, हात बाहेर फिरवणं आणि कोपर वाकवणं जातं, पण बोटांची पकड राहते. हात अंगालगत सरळ लोंबतो आणि तळवा मागे वळलेला असतो. याला एर्ब्ज पाल्सी म्हणतात. जर्मन डॉक्टर विल्हेल्म एर्ब यांनी १८७४ साली याचं वर्णन केलं. त्याच्या दोनच वर्षं आधी फ्रान्समधल्या द्युशेन यांनीही केलं होतं. हजार जन्मांमागे साधारण एक-दोन बाळांमध्ये हे दिसतं, आणि उजवा हात जास्त वेळा सापडतो.

‘कुणी ओढला हात?’ हा प्रश्न प्रत्येक घरात असतो, या घरातही होता. मी त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते. अशी इजा ओढण्याने होते, तशी नुसत्या कळांच्या जोरानेही होते, आणि क्वचित सिझेरियनमध्येही होते. बाळंतपणाच्या खोलीत मी नव्हते. त्यामुळे मी कुणाला दोषी धरत नाही आणि कुणाला सोडवतही नाही.

मला खरी हळहळ वाटते ती पुढच्या तीन महिन्यांची. घरी पाठवताना कागदावर एकच ओळ होती, ‘उजवा हात कमी हलवते, आपोआप सुधारेल.’ बहुतेक बाळांचा हात खरोखर सुधारतो. नस फक्त दबली असेल तर काही आठवड्यांत हात उचलला जातो. पण आतले तंतू तुटले असतील तर ते दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतात. मानेपासून दंडापर्यंत पोहोचायला महिने जातात, आणि पुष्कळ तुटलं असेल तर पोहोचतच नाहीत. म्हणून तिसऱ्या महिन्याला फार महत्त्व आहे. तीन महिने पूर्ण होताना बाळ स्वतःहून कोपर वाकवत नसेल, तर नसांची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनने त्याला एकदा बघायलाच हवं. छकुलीच्या घरी हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या काळात रोज मालीश होत होती. मालीशवाल्या मावशी दोन्ही हात छातीवर आडवे ओढून मग झटका देऊन उघडत. तेल लावण्याला माझा कधीच विरोध नसतो, तो झटका मात्र मी बंद करायला लावला. आजींना ते आवडलं नव्हतं. ‘‘तिनेच माझी तीन पोरं चोळली,’’ असं त्या म्हणाल्या होत्या.

साडेचार महिन्यांना ती माझ्याकडे आली, तेव्हा कोपर जागचं हलत नव्हतं. मी मुंबईला सर्जनकडे पाठवलं. जायला महिना गेला, आणि तेवढ्यात ती कोपर वाकवू लागली होती. सर्जनने तूर्त शस्त्रक्रिया नको, व्यायाम चालू ठेवा आणि दाखवत राहा, असं सांगितलं. जूनमध्ये वडिलांची अंबडच्या कारखान्यातली पाळी बदलली, सोबत यायला कुणी उरलं नाही, आणि येणं थांबलं. माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे, ‘सुधारणा चांगली’. त्यानंतर मी एक फोन करायला हवा होता. केला नाही. आठव्या महिन्यात आणखी एक गोष्ट बघायला हवी होती, तीही राहिली. ती कोणती, ते पुढे येतंच.

सतरंजीवर

आजींनी तिला खाली ठेवलं. छकुली नीट बसली, पाठ ताठ, मान स्थिर. समोर स्टीलची वाटी आणि चमचा ठेवला. ती बसल्या बसल्या बुडावर सरकत निघाली. डावा हात पुढे टेकायचा, डाव्या पायाने रेटा द्यायचा, उजवा पाय मांडीखाली दुमडलेला. नावाडी एकाच वल्ह्याने नाव हाकतो तसं. वेग भरपूर. आईने सांगितलं, ही रांगलीच नाही, आठव्या महिन्यात बसली आणि दहाव्यात अशी सरकायला लागली.

वाटी डाव्या हाताने उचलली. मी डावा हात हलकेच धरून उजव्या हातात बिस्कीट दिलं. पकड घट्ट. बिस्कीट तोंडाकडे निघालं, पण सरळ नाही. आधी कोपर खांद्याच्या उंचीला वर आलं, मग हात आडवा होऊन तोंडाला लागला. लग्नाच्या वरातीत तुतारीवाला तुतारी धरतो ना, अगदी तसा. या आजाराचं हे ओळखीचं लक्षण आहे. खांदा बाहेर फिरत नाही, म्हणून हात तोंडापर्यंत नेण्यासाठी कोपर उचलावं लागतं. ‘हात बरा आहे’ म्हणजे काय, ते मला तिथेच कळलं. हात वापरता येत होता, पण खांदा आखडला होता. कोपर अंगाला लावून, काटकोनात वाकवून मी हात बाहेर वळवून पाहिला. डावा जवळजवळ ८० अंश वळला. उजवा १० अंशांवर अडला, आणि छकुलीने माझ्याकडे रागाने पाहिलं.

मग ती राहून गेलेली गोष्ट केली. बाळाला पोटाखाली धरून आडवं उचलायचं आणि डोकं खाली करत झपकन सतरंजीकडे न्यायचं. सात ते नऊ महिन्यांच्या दरम्यान बाळं अशा वेळी दोन्ही हात पुढे फेकतात, बोटं उघडतात, पडण्यापासून स्वतःला वाचवतात. याला पॅराशूट प्रतिक्रिया म्हणतात, आणि ती चालण्याच्या आधी यायची असते. छकुलीचा डावा हात बाणासारखा पुढे गेला. उजवा अंगाशीच राहिला. मी धरलं नसतं तर उजवं कपाळ सतरंजीवर आपटलं असतं. आईने तोंडावर हात ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, ‘‘दिवाळीत अशीच पडली होती.’’

दिवाळीच्या साफसफाईत दिवाण हलवला होता. छकुली प्लास्टिकच्या स्टुलाला धरून पहिल्यांदाच उभी राहिली होती. स्टूल सरकलं आणि ती उजवीकडे कोसळली. हात पुढे आला नाही, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. ‘‘तेव्हापासून मी हिला खाली सोडतच नाही,’’ आजी म्हणाल्या. पहिलं वाक्य बोलताना त्यांच्या आवाजात जो ठसका होता, तो आता नव्हता.

पण पायांचं काय?

इथे घाई करायची नसते. या घराला दोन सल्ले मिळाले होते. एकाने सांगितलं होतं, हाताच्या नसेचा पायाशी काय संबंध? दुसऱ्याने सांगितलं होतं, हातामुळेच आहे, चालेल हळूहळू. पहिला सल्ला शरीररचनेच्या दृष्टीने बरोबर आहे. पायांच्या नसा कंबरेतून आणि त्रिकास्थीतून, म्हणजे कंबरेखालच्या माकडहाडाच्या वरच्या हाडातून निघतात, मानेतल्या इजेने त्या बिघडत नाहीत. पण चालायला शिकणं एकट्या पायांचं काम नसतं. दुसरा सल्ला या मुलीपुरता पुढे बराचसा खरा ठरला. तरी न तपासता दिला, म्हणून मला तो जास्त धोक्याचा वाटतो. कारण खांदा अडकलेल्या बाळाला त्या मिनिटांत प्राणवायू कमी पडलेला असू शकतो, आणि त्याचा परिणाम मेंदूवर होतो. त्यातून उजव्या बाजूचा हात आणि पाय दोन्ही कमजोर झाले, तर घरच्यांना आधी दिसतो तो हातच. क्वचित मानेतल्या मज्जारज्जूलाच धक्का बसलेला असतो, मग पाय ताठरतात. छकुली सरकताना उजवा पाय वापरत नव्हती. हे पाहून माझ्या पोटात गोळा आला होता, ते लपवत नाही.

फरक ओळखायच्या खुणा साध्या आहेत, त्या वापराव्या मात्र लागतात. मेंदूच्या इजेत हाताचे स्नायू कडक होतात, मूठ आवळलेली राहते, हातोडीने ठोकलं की हात जोरात उडतो. एर्ब्जमध्ये उलट असतं. कोपरापाशी ठोकलं तर दंडाचा स्नायू थंड किंवा मंद, आणि मूठ मोकळी. छकुलीचा उजवा दंड ठोकल्यावर जेमतेम हलला. दोन्ही गुडघ्यांचे झटके सारखे, ना जास्त ना कमी. घोटा एकदम वर दाबून धरला तर पाऊल थरथरलं नाही. मांड्या सारख्या उघडल्या, पायांची लांबी सारखी, मांडीवरच्या वळ्या सारख्या. उभं धरल्यावर दोन्ही टाचा टेकल्या, चवडे नाहीत. मग मी वाटी तिच्या उजवीकडे मागे ठेवली आणि डाव्या हातात चमचा दिला, म्हणजे वल्हं अडकलं. तिने क्षणभर विचार केला आणि उजवा पाय बाहेर काढून त्याने रेटा दिला. पाय होता. तो वापरायची तिला गरज पडली नव्हती, एवढंच.

तरीही मी तिला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. मुलाच्या शंकेचं निरसन एका माणसाच्या हातोडीवर सोडू नये. त्यांनी डोक्याचा घेर मोजला, ऐकणं-बोलणं पाहिलं, थायरॉईड तपासलं, खुबे जागेवर आहेत ना यासाठी एक्स-रे काढला. मुलगा असता तर स्नायूंच्या आजाराची रक्ततपासणीही करावी लागली असती, कारण तो आजार प्रामुख्याने मुलग्यांना होतो. सगळं ठीक निघालं, फक्त ड जीवनसत्त्व कमी होतं, त्याचे थेंब सुरू झाले. वर्षभर कडेवर आणि घरात असलेल्या लेकराचं ते कमी निघालं, याचं मला नवल वाटलं नाही.

महिन्यांचा हिशेब घरच्यांना वहीवर काढून दाखवला. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली पाच देशांतल्या निरोगी मुलांच्या हालचालींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भारतातली मुलंही होती. आधाराशिवाय चालण्याचा काळ त्यात ८.२ ते १७.६ महिने इतका रुंद आहे. म्हणजे शेजारच्या पोराचं पळणं आणि छकुलीचं न चालणं, सोळाव्या महिन्यात दोन्ही त्या पट्ट्यातच बसतात. त्याच अभ्यासात ४.३ टक्के मुलं हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत, आणि तरीही चालली. बुडावर सरकणारी मुलं उशिरा चालतात हे मी स्वतः पुष्कळदा पाहिलं आहे. काही तर दीड वर्षानंतर चालतात. पण दीड वर्षापर्यंत कुठलंही मूल आधाराशिवाय चाललं नाही, तर ते तपासून घ्यायचंच, मग हाताला काही झालेलं असो वा नसो. ती आमच्या कामातली सीमारेषा आहे.

आता हाताकडे परत येते. मूल चालायला लागण्याआधी वर्षभर हातांनी तयारी करत असतं. पालथं पडून हातांवर छाती उचलणं, हातगुडघ्यांवर डुलणं, दिवाणाला धरून उभं राहणं, कडेकडेने सरकणं, आणि पडताना हात टेकणं. यातल्या प्रत्येक पायरीवर छकुलीचा उजवा हात गैरहजर होता. पालथं पडायला ती रडायची, कारण एका हातावर छाती उचलली जात नाही. म्हणून तिला पालथं टाकणंच बंद झालं होतं. रांगायला दोन हात लागतात, म्हणून तिने सरकणं शोधलं, आणि तिच्या दृष्टीने ते हुशारीचंच होतं. दिवाणाला धरून ती डावीकडे जायची, उजवीकडे कधीच नाही, कारण उजवीकडे जायला आधी उजवा हात पुढे टाकावा लागतो. आणि दिवाळीतल्या त्या पडण्यानंतर तिलाही कळलं, घरालाही कळलं की उभं राहिलं की आपटायला होतं. पाय शाबूत असून पोर चालत नव्हती, ती या भीतीने आणि या अपुऱ्या तयारीने.

घरी

मी एकदा त्यांच्या घरी गेले. बाळाचं चालणं घरातच घडतं, म्हणून शक्य असेल तेव्हा मी घर बघतेच. सिडकोतलं दोन खोल्यांचं रो-हाऊस, वर गच्चीकडे जाणारा जिना, पुढे अरुंद गॅलरी. कोपऱ्यात गोल प्लास्टिकचा वॉकर होता, संगीत वाजणारा. बाळाला त्यात बसवून ठेवतात तो. मामाने वाढदिवसाला दिलेला. तो मी आधी उचलून माळ्यावर ठेवायला लावला. त्यात मूल चवड्यांवर लोंबकळतं, तोल शिकत नाही, आणि जिन्याशी गेलं तर जिवावर बेततं. कॅनडाने २००४ सालापासून असे वॉकर विकायलाच बंदी घातली आहे. आईला वाईट वाटलं. मी म्हटलं, ‘‘ताई, मामाला दुसरं काम सांगूया. तुमच्या माहेरी पांगुळगाडा असेल ना?’’

होता. आई ज्याला धरून चालायला शिकली तोच, लाकडी, तीन चाकांचा, लाल रंगाचे पोपडे उडालेला. निफाडहून मामा मोटरसायकलला बांधून घेऊन आला. पांगुळगाडा आणि वॉकर यांची लोक गल्लत करतात, पण दोन्हीत फार फरक आहे. पांगुळगाड्यात मूल बसत नाही, त्याच्या मागे स्वतःच्या पायांवर उभं राहतं आणि दोन्ही हातांनी ढकलतं. छकुलीला नेमकं तेच हवं होतं. गाडा हलका होता, ढकलला की पळायचा, म्हणून त्यावर पाच किलो तांदळाची पिशवी बांधली. दांडीच्या उजव्या टोकाला जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळली, म्हणजे पकड घसरू नये. गॅलरी अरुंद होती ते बरंच झालं, गाडा भिंतीला लागून सरळच जायचा.

ते पुढचं झालं. आधीचे दोन आठवडे जमिनीवरच गेले. गोधडीची गुंडाळी करून तिच्या छातीखाली ठेवायची आणि दोन्ही तळवे पुढे टेकवायचे. उजवं कोपर वाकून हात कोसळू नये म्हणून कोपराभोवती मऊ कापडी पट्टा. सुरुवातीला अर्धं मिनिट, रडली की थांबायचं. बसल्यावर उजव्या बाजूला कलंडवून त्या हातावर भार घ्यायला लावायचं. दिवाणाच्या उजव्या टोकाला वाटी आणि चमचे, डावीकडे काही नाही. खांद्याचा ताण लंगोट बदलताना प्रत्येक वेळी: कोपर अंगाला, तळवा बाहेर, आणि दुसऱ्या हाताने खांद्याचं पातं दाबून धरायचं, कारण ते धरलं नाही तर पातंच फिरतं आणि सांधा आखडलेलाच राहतो. हे शेवटचं आईला जमायला तीन भेटी लागल्या. माझा हात तिच्या हातावर ठेवून करून घेतलं तेव्हा कुठे तिला ते पातं बोटांखाली सरकताना कळलं.

काही गोष्टी बंद केल्या. काखेत हात घालून उचलणं, हात धरून ओढून उठवणं, आणि दोन्ही हात वर धरून चालवणं. आपल्याकडे मोठी माणसं प्रेमाने हेच करतात. पण आखडलेला खांदा तसा वर ओढला की दुखतो, आणि मूल तोल सांभाळायचं शिकतच नाही, कारण तोल वरच्या माणसाच्या हातात असतो. आधार द्यायचा तो कंबरेला. झबलं घालताना उजवी बाही आधी, काढताना ती शेवटी.

आजींसाठी वेगळं काम होतं. त्या छकुलीला नेहमी डाव्या कडेवर घेत, म्हणजे छकुलीचा उजवा हात आजींच्या पाठीमागे दडायचा आणि डावा पुढे मोकळा राहायचा. मी म्हटलं, ‘‘आजी, घ्या तुम्ही, पण उजव्या कडेवर घ्या.’’ त्यांनी तिथल्या तिथे बदलून पाहिलं. उजवा हात पुढे आला आणि पहिली गोष्ट तिने केली ती आजींच्या मंगळसूत्राला हात घातला. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. ‘‘एवढंच होतं होय,’’ म्हणाल्या. एवढंच नव्हतं, पण मी त्यांना अडवलं नाही.

मार्चमध्ये द्राक्षांची काढणी सुरू होती, आई पंधरा दिवस माहेरी गेली. मला काळजी होती की केलेलं सगळं मागे जाईल. खांद्याचं थोडं मागे गेलंही, १५ अंशांवर आलेला हात पुन्हा १० वर. पण बाकीचं उलटंच झालं. तिथे अंगण मातीचं. पडलं तरी फरशीसारखं लागत नाही. मळ्यातली चार पोरं तिच्याभोवती. ती परत आली तेव्हा दिवाणाला धरून उजवीकडे जात होती, आणि उभी राहिल्यावर बसायचं कसं हे शिकून आली होती. हात सोडून धपकन बुडावर. तोपर्यंत हे तिला येत नव्हतं, आणि मीही ते शिकवायच्या यादीत घेतलं नव्हतं. उभं राहायला आलं पण बसायला येत नाही, तर मूल अडकून पडतं. पुढच्या मुलांच्या वेळी मी ते आधी घेते.

एप्रिलच्या मध्यापासून पांगुळगाडा. रोज संध्याकाळी गॅलरीत सहा-सात फेऱ्या. वडिलांची पहिली पाळी असली की ते करून घ्यायचे. पहिल्या आठवड्यात उजवा हात दांडीवरून सुटायचा आणि गाडा उजवीकडे वळून भिंतीला धडकायचा. तिसऱ्या आठवड्यात सरळ जाऊ लागला. मी बघत होते ते भिंतीवरचे ओरखडे. ते कमी झाले, तसं मला कळलं की उजवा हात काम करतोय.

मेच्या पहिल्या आठवड्यात, साडेअठरा महिन्यांना, वडिलांनी व्हिडिओ पाठवला. छकुली गाड्यामागे उभी आहे. गाडा पुढे जातो, तिचे हात सुटतात. ती थांबते. गाड्याकडे बघते. मग पाच पावलं टाकते, पाय फाकवून, डावा हात वर, उजवं कोपर वाकलेलं, आणि गाडा गाठते. व्हिडिओत आजींचा आवाज आहे, ‘‘बोलू नका कुणी, बोलू नका.’’ महिन्याभराने त्या वणीला देवीला जाऊन आल्या, नवस होता. प्रसादाचा पेढा माझ्यासाठी आणला.

सध्या

जुलैत ती एकवीस महिन्यांची झाली. घरभर चालते, अडखळते, उठते. पुढे पडली तर दोन्ही हात येतात, उजवा थोडा उशिरा येतो. उजवीकडे पडली तर अजूनही कधी कधी येत नाही, म्हणून ते काम चालू आहे. चालताना उजवं कोपर वाकलेलं राहतं. आई विचारते हे जाईल का. पूर्ण जाईल असं मी म्हटलेलं नाही. डाव्या हाताला दिवसातून वीस मिनिटं मोजा घालून उजव्या हाताने खेळायला लावतो, पण फक्त बसलेली असताना, उभी असताना कधीच नाही.

खांदा ३० अंशांवर आला आहे. एवढं पुरेसं नाही. खांदा असा आखडलेला राहिला तर वाढीच्या वयात हाडाचा गोळा खोबणीत मागे सरकतो आणि खोबणच वाकडी घडते. म्हणून मेमध्ये मुंबईच्या सर्जनकडे पुन्हा पाठवलं, त्यांनी खांद्याची सोनोग्राफी करून पाहिली. गोळा अजून जागेवर आहे. दर तीन महिन्यांनी दाखवायचं, आणि वळणं वाढलं नाही तर आखडलेल्या स्नायूंत इंजेक्शन किंवा लहान शस्त्रक्रिया यांचा विचार करायचा, असं ठरलं आहे. वडिलांनी विचारलं, दर वेळी मुंबईलाच जावं लागेल का. सर्जनसाठी हो. पण मधल्या काळातल्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून लवकर उपचाराची केंद्रं असतात, आणि अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणाऱ्या पथकाकडूनही तिथे पाठवलं जाता येतं. हे मी त्यांना आठव्या महिन्यातच सांगितलं असतं, तर येण्याजाण्यात खंड पडला नसता. आता कुणाचं येणं पंधरा दिवस चुकलं की मी फोन करते. आठव्या महिन्यात प्रत्येक बाळाला आडवं धरून दोन्ही हात पुढे येतात का, हेही पाहते.

सप्टेंबरची तारीख दिली आहे. तोवर घरी नवीन उद्योग सुरू झाला आहे, गच्चीचा जिना. एका बाजूला भिंत, एका बाजूला कठडा. चढताना कठडा डावीकडे येतो, म्हणून ती सरसर वर जाते. उतरताना तोच कठडा उजवीकडे येतो. वरच्या पायरीवर ती थांबते, उजव्या हाताकडे बघते, आणि बसून बुडावर एकेक पायरी उतरायला लागते. आईला सांगितलं आहे की तिच्या एक पायरी खाली उभं राहा, तिचा उजवा तळवा कठड्याच्या गजावर ठेवा, त्यावर तुमचा हात ठेवा आणि एकच पायरी उतरवा. काल दोन पायऱ्या झाल्या.